एसओपीमध्ये 'फॅशन' हा शब्द लिहायचा की खोडायचा?

"मला फॅशनमध्ये रस आहे, पण एसओपीत तसं लिहिलं तर हसतील का?" पीएचडीच्या अर्जांचे दिवस आले की हा प्रश्न कुणीतरी विचारतंच, आणि विचारताना आवाज जरा खाली जातो. मी स्वतः तो शब्द खोडला होता. त्या जागी 'वस्त्रोद्योगाचा आर्थिक इतिहास' असं काहीतरी भारदस्त घातलं. मुलाखतीत पहिल्याच प्रश्नाला अडखळले, कारण मला गिरणीच्या हिशेबात रस नव्हताच, नेसण्यात होता.

तुम्ही तो शब्द खोडण्याआधी स्टेला मेरी न्यूटन या बाईंबद्दल वाचा. त्या मूळच्या नाटकांची वेशभूषा करणाऱ्या. १९३५ साली कँटरबरीला टी. एस. एलियटचं 'मर्डर इन द कॅथीड्रल' झालं, त्यातले कपडे यांचे. पुढे त्या लंडनच्या नॅशनल गॅलरीला जुन्या चित्रांचा काळ ठरवायला मदत करू लागल्या. कशावरून? चित्रातल्या माणसांच्या कपड्यांवरून! चित्रकाराची शैली वर्षानुवर्षं तीच राहू शकते, पण बाहीचा काप, गळा, डोक्यावरचं वस्त्र भराभर बदलतं. शिवणकामाची नजर इथे थेट पुरावा झाली. १९६५ मध्ये त्यांनी कोर्टोल्ड इन्स्टिट्यूटमध्ये पोशाखाच्या इतिहासाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू केला. म्हणजे ज्या नामांकित संस्थांना आपण घाबरतो, त्यांतल्या एकीत हा विषय साठ वर्षांपूर्वीच दारातून आत गेला आहे. (आणि आपल्याकडे? मुंबईत समाजशास्त्र शिकवणाऱ्या घुर्यांनी भारतीय पोशाखावर अख्खं पुस्तक लिहिलं, तेही १९५१ मध्ये.)

पण 'रस आहे' एवढंच लिहून भागत नाही. समितीला तुमची आवड नको असते, त्या आवडीतून निघालेला प्रश्न हवा असतो. आता हेच बघा. डिसेंबर १९२७, महाड. मनुस्मृती जाळली, हे आपण सगळ्यांनी पाठ्यपुस्तकात वाचलंय. त्याच परिषदेच्या वेळी बाबासाहेब बायकांशी वेगळं बोलले, आणि बोलले ते लुगड्याबद्दल. गुडघ्यापर्यंत आखूड नेसणं आणि अंगभर चांदी-कथलाचे दागिने, यांवरून बाई 'अस्पृश्य' आहे हे लांबूनच ओळखू यायचं. ते सोडा, वरच्या जातीतल्या बायका नेसतात तसं नेसा, असं त्यांनी सांगितलं. बायकांनी नेसण बदललंही.

आता सांगा, हा विषय हलका आहे? कुणी किती लांब नेसायचं हे कोण ठरवत होतं? नेसण बदलल्यावर गावात परतल्यावर काय झालं? वरच्यांसारखं नेसणं म्हणजे नक्कल की हक्क? यातला एक प्रश्न घेऊन पहिला परिच्छेद लिहा. 'लहानपणापासून मला कपड्यांची आवड' हे वाक्य मात्र काढा, ते सगळेच लिहितात.

पुढची अडचण साधनांची. भाषणं सापडतात, पण ज्या नेसल्या त्यांचं म्हणणं शोधावं लागतं. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी 'आम्हीही इतिहास घडवला'साठी चळवळीतल्या बायकांना भेटून मुलाखती घेतल्या. सुरुवात तिथून करा. जुने कौटुंबिक फोटो मिळाले तर पदर आणि काठ भिंगाखाली बघा, न्यूटनबाई बघायच्या तसे.