चोखोबांच्या नावाची धर्मशाळा

वारकरी माउली, नामदेव पायरीला माथा टेकून आपण वळतो तेव्हा महाद्वारासमोर चोखोबांची समाधी असते. तिथे हात जोडताना एक गोष्ट ध्यानात आणावी. चोखोबांना अभंग स्फुरले, पण ते उतरवून घेतले अनंतभट्टांनी, असे परंपरा सांगते. वाणी चोखोबांची आणि लेखणी दुसऱ्याच्या हातात. अनंतभट्टांचे उपकार आपण मानतो, ते योग्यच आहे. पण सोयराबाई, निर्मळा, बंका, कर्ममेळा अशी ही सारी घरची माणसे अभंग रचणारी! दुसऱ्या किती घरांतले बोल लिहून घेणारा न भेटल्यामुळे वाळवंटातच विरले असतील, याचा हिशेब कोण देणार?

कथा-कीर्तन पुढेही सर्वांच्या कानी पडत राहिले; अक्षर मात्र सर्वांच्या हाती आले नाही. गरिबाच्या मुलाला नुसती शाळा पुरत नाही. हायस्कूल शहरात असते, तिथे निजायला जागा लागते, पोटाला भाकरी लागते. म्हणजे पैसा लागतो.

आपल्या जिल्ह्यात हा पैसा दोन वाटांनी आला. २० जुलै १९२४ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबईत बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली आणि लगेच ४ जानेवारी १९२५ रोजी सोलापुरात हायस्कुलातल्या मुलांसाठी वसतिगृह उघडले. जेवण, कपडे, लेखनसाहित्य सभेकडून. सोलापूर नगरपालिकेने ४० रुपयांचे अनुदान दिले. सभेने विद्यार्थ्यांचे 'सरस्वती विलास' नावाचे मासिकही चालवले. मला तर या सगळ्यात ते मासिकच मोठे वाटते. ज्यांचे बोलणे दुसऱ्याने लिहून घ्यावे लागे, त्यांची मुले आता स्वतः लिहू लागली होती.

दुसरी वाट पंढरपूरची, आणि ती कीर्तनातूनच निघाली. गाडगेबाबा वारीला येत, पण राउळात जात नसत. हाती खराटा घेऊन वाळवंट झाडत आणि रात्री तिथेच कीर्तनाला उभे राहत. निरूपण म्हणजे श्रोत्यांना प्रश्नांवर प्रश्न: कर्ज कशाला काढलं, दारू कशाला पिता, पोरगं शाळेत का जात नाही? ताटे मोडा, भाकरी हातावर घेऊन खा, पण मुलांना शिकवा, असे त्यांचे सांगणे. स्वतः शाळेत न गेलेला माणूस हे सांगत होता, म्हणून लोक ऐकत. जमलेल्या पैशातून धर्मशाळा उभ्या राहिल्या. घरच्यांना मात्र बाबांनी त्यातला पैसा लागू दिला नाही. आपल्या सप्ताहाच्या जमाखर्चात मंडप, कर्णे, महाप्रसाद यांचे आकडे असतात. त्याखाली मुलांच्या वह्या-पुस्तकांची ओळ कुठे दिसते का, हे यंदा पाहून घ्यावे.

पंढरपुरात बाबांनी चोखामेळ्याच्या नावाने धर्मशाळा बांधली. ज्या वारकऱ्याला गावात गाठोडे ठेवायलाही कोणी ओसरी देत नसे, त्याच्यासाठी ती होती. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींच्या उपोषणानंतर विठोबाचे दार हरिजनांना उघडले. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९४९ मध्ये, बाबांनी ही धर्मशाळा डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. वारकरी यायचा तो वारीपुरता. आता त्याच छपराखाली विद्यार्थ्यांनी बारा महिने राहून शिकावे, एवढ्यासाठी.