कितवा नंबर मारत नाही?

जुनी टाटा १२१० सुरू करायची, इंजिन तापू द्यायचं आणि रेसवरचा पाय काढायचा. ठणठणीत इंजिन स्लोवर एका लयीत चालत राहतं. बिघडलेलं असेल तर गिअरचा दांडा थडथडतो, बॉनेटचा पत्रा वाजायला लागतो, आरशात मागची गाडी धड दिसत नाही. ड्रायव्हर म्हणतो, ‘गाडी मिसिंग मारतेय.’ मिस्त्री क्षणभर कान देऊन उभा राहतो आणि हाताखालच्या पोराला विचारतो, ‘सांग, कितवा नंबर मारत नाही?’ सहापैकी कोणता सिलिंडर काम सोडून बसलाय हे कळल्याशिवाय काहीही खोलायचं नाही, ही आपल्याकडच्या ट्रक-गॅरेजांची जुनी शिस्त आहे.

ती डिझेलच्याही आधीची. १९२८ साली जनरल मोटर्सने मुंबईत शिवडीला मोटारी जुळवण्याचा कारखाना काढला, पाठोपाठ फोर्डही मुंबईत आली. महायुद्ध संपल्यावर लष्कराने विकायला काढलेल्या गाड्या वाहतूकदारांच्या हाती पडल्या. कुर्ल्याच्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्समधून डॉज आणि फार्गो ट्रक बाहेर पडू लागले. १ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर रस्त्यावर एसटीची पहिली गाडी धावली, ती बेडफर्ड होती. एसटीच्या त्या सुरुवातीच्या ताफ्यात शेव्हरोले, फोर्ड, स्टुडबेकर, सेडन, मॉरिस, अल्बियन, लेलँड, कॉमर, फियाट अशा कितीतरी बनावटी एकत्र नांदत होत्या. एवढ्या कंपन्यांची इंग्रजी मॅन्युअलं वाचून काम करणं कुणालाच शक्य नव्हतं. म्हणून सगळ्या पेट्रोल इंजिनांना लागू पडेल अशी एकच परीक्षा कामाला आली: गाडी स्लोवर चालू ठेवायची आणि एकेका प्लगची वायर काढून पाहायची. वायर काढताच आवाज पडला, तर तो सिलिंडर चांगला. आवाजात काहीच फरक पडला नाही, तर दोष तिथेच.

मग काळ पालटला. ज्या परदेशी कंपन्या इथे फक्त जुळणी करतात, सुटे भाग इथे बनवत नाहीत, त्यांना १९५३ मध्ये सरकारने दार दाखवलं. फोर्ड आणि जनरल मोटर्स निघून गेल्या. पुढच्याच वर्षी टाटांच्या टेल्कोने डाइमलर-बेंझशी पंधरा वर्षांचा करार केला आणि जमशेदपूरहून टाटा-मर्सिडीज ट्रक रस्त्यावर आला. टेल्कोची धुरा तेव्हा सुमंत मुळगावकर या मराठी अभियंत्याकडे होती. पुढे १९६६ पासून त्यांनी पिंपरीत पुण्याचा कारखाना उभा केला. पहिल्या ट्रकमधलं ओएम ३१२ हे सहा सिलिंडरचं डिझेल इंजिन साडेचार लिटरच्या आसपासचं. त्याच घराण्यातून पुढे टाटांची ६९२ आणि ६९७ ही इंजिनं आली. आकड्यांतच त्यांची ओळख आहे: सिलिंडर सहा, बोअर म्हणजे सिलिंडरचा व्यास ९२ किंवा ९७ मिलिमीटर.

डिझेलला प्लग नाही, वायर नाही. हवा इतकी दाबायची की ती प्रचंड तापते आणि त्यात नोझलमधून डिझेलचा फवारा सोडला की तो आपोआप पेट घेतो. हे सगळं पंपाच्या भरवशावर चालतं. जर्मनीत रॉबर्ट बॉशच्या कारखान्याने ट्रकसाठी असे पंप १९२७ मध्ये मोठ्या संख्येने बनवायला घेतले, तेव्हा कुठे डिझेल ट्रक व्यवहारात उतरला. भारतात हे काम बंगळूरला १९५१ साली स्थापन झालेल्या मायकोने केलं, आणि १९७० च्या सुमाराला मायकोचा कारखाना नाशिकला सातपूरलाही आला. महाराष्ट्रातल्या कुठल्याही गॅरेजात ‘मायकोचं नोझल’ हे शब्द गेली पन्नास वर्षं रोज उच्चारले जातात.

वायर गेली, तरी परीक्षा तीच राहिली. पंपापासून प्रत्येक नोझलपर्यंत एक पोलादी नळी जाते. मिस्त्री सतरा-एकोणीसचा पाना घेऊन नोझलकडचा नट अर्धा आटा सैल करतो. डिझेल तिथूनच फसफसून बाहेर पडतं आणि तो सिलिंडर बंद होतो. नट आवळला की पुढचा. क्रम एक ते सहा, पण कान फायरिंग ऑर्डरवर, म्हणजे सिलिंडर पेटण्याच्या क्रमावर असतो: १-५-३-६-२-४.

कानाला हे जमतं कसं, ते साध्या हिशेबाने कळतं. स्लोवर इंजिन मिनिटाला सहाशे फेरे घेतं असं धरू. चार स्ट्रोकच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा पेटतो, म्हणजे सेकंदाला पाच वेळा. सहा मिळून तीस. तीस ठोक्यांचा नाद माणसाला सलग घरघर म्हणून ऐकू येतो. एक सिलिंडर गळाला की त्या घरघरीत सेकंदाला पाच खड्डे पडतात, आणि पाच खड्डे कान सहज मोजतो. रेस वाढवली की खड्डे इतके जवळ येतात की दोष झाकला जातो. शिवाय स्लोवर प्रत्येक फवाऱ्यात जाणारं डिझेल अगदी थेंबभर असतं. एका नळीत त्यातलं थोडं कमी-जास्त झालं तरी इंजिन डगमगतं. भरलेली गाडी बोरघाट चढताना तोच फरक जाणवतही नाही. म्हणूनच जुन्या मिस्त्रींनी निदानासाठी चढण सोडून स्लो निवडला. विज्ञानाच्या पुस्तकाशिवाय काढलेला हा निष्कर्ष पूर्ण बरोबर होता, आणि त्याचं श्रेय त्यांना अजून नीट मिळालेलं नाही.

कानाच्या जोडीला हात. गाडी थंड असताना सुरू करायची आणि एक्झॉस्टच्या फाट्यांवर पाण्याचे थेंब टाकायचे. ज्या फाट्यावर थेंब चर्रकन उडत नाही, तो सिलिंडर आळशी. नोझलच्या नळीवर बोट ठेवलं तर पंपाचा ठोका नाडीसारखा लागतो, तो मऊ पडला असेल तर पंपातच गडबड. धूरही बोलतो. पांढरा आणि डोळ्यांना झोंबणारा असेल तर डिझेल न जळता बाहेर येतंय. निळा असेल तर ऑइल जळतंय. शेजारचे दोन सिलिंडर, समजा तीन आणि चार, एकदम मेले असतील तर नोझल बदलण्याचा खर्च वाया जाणार. त्यांच्या मधलं हेड गॅस्केट फुटलेलं असण्याचीच शक्यता जास्त.

सर्वांत चकवणारा दोष मात्र हवेचा. टाकीपासून फीड पंपापर्यंतची नळी डिझेल ओढत असते, त्यामुळे तिला बारीक भेग असली तरी डिझेल बाहेर गळत नाही, उलट हवा आत शिरते. बाहेरून सगळं कोरडं आणि स्वच्छ, आणि गाडी कधी चांगली, कधी थरथरती. सिलिंडर बदलून बदलून मिसिंग होत असेल तर अनुभवी माणूस नोझलला हात न लावता आधी फिल्टरवरचा स्क्रू ढिला करतो, हाताने प्रायमिंग पंप मारतो आणि बुडबुडे पाहतो. दोष पुष्कळदा तांब्याच्या एका वॉशरात निघतो. वारंवार आवळून तांबं कडक होतं आणि नीट बसत नाही. तेव्हा ते वॉशर तारेत ओवून स्टोव्हच्या ज्योतीवर लाल करायचं आणि पाण्यात बुडवायचं. तांबं पुन्हा मऊ होतं. नवं वॉशर मिळायला तालुक्याला जावं लागायचं, अशा दिवसांत या युक्तीने कित्येक ट्रक रस्त्याला लावले.

इंजिनाचा वेग सांभाळणाऱ्या गव्हर्नरची गोष्ट आणखी वेगळी. त्या पिढीतल्या अनेक पंपांवर हवेच्या ओढीवर चालणारा गव्हर्नर असे आणि त्याचा जीव एका पातळ पडद्यात. पडदा कडक झाला किंवा त्याला भोक पडलं की इंजिन मिसिंग मारत नाही, पण रेस आपोआप वर जाते, खाली येते, पुन्हा वर. याला गॅरेजात ‘हंटिंग’ म्हणतात. थरथर आणि हंटिंग यांतला फरक ओळखता येणं ही शिकाऊ पोराची पहिली पायरी. तो न ओळखल्यामुळे विनाकारण नोझलं बदलली जात आणि मालकाच्या खिशाला खार लागे.

पंपाच्या आतलं काम मात्र रस्त्यावर होत नाही. पंपातला प्लंजर आणि त्याचं बॅरल, म्हणजे ‘एलिमेंट’, एकमेकांवर घासून जोडीने बनवलेले असतात. त्यांच्यातली फट मिलिमीटरच्या काही हजारांश एवढीच, म्हणून एका जोडीचा प्लंजर दुसरीला चालत नाही. त्यासाठी शहरातली पंप-रूम. तिथे पंप बेंचवर फिरवतात आणि सहा काचेच्या नळ्यांत सहा धारा मोजतात. सहाही नळ्यांत पातळी सारखी येईपर्यंत जुळवणी चालते. गॅरेजात ग्रीस आणि काजळी, तर पंप-रूममध्ये केस पडलेलाही चालत नाही.

या एलिमेंटांचा सगळ्यांत मोठा शत्रू रॉकेल. रेशनचं रॉकेल डिझेलपेक्षा कितीतरी स्वस्त असे, त्यामुळे दशकानुदशकं ते डिझेलमध्ये मिसळलं गेलं. डिझेल हेच पंपाचं वंगण; रॉकेलमध्ये तो गुण कमी, म्हणून प्लंजर झिजतो, धारा असमान होतात आणि गाडी स्लोवर लंगडायला लागते. गॅरेजात दिसणारा हा किरकोळ दोष केवढ्या मोठ्या धंद्याचं टोक होता, हे जानेवारी २०११ मध्ये मनमाडजवळ दिसलं. इंधनाची भेसळ रोखायला गेलेले अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना तिथे जिवंत जाळण्यात आलं.

हे सगळं ज्ञान पसरलं कसं? साताऱ्याजवळच्या कूपर कारखान्यात १९३० च्या दशकातच डिझेल इंजिनं बनत होती. १९४६ मध्ये पुण्यात खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्स सुरू झाली आणि विहिरीवरचं इंजिन गावोगाव पोचलं. त्या एका सिलिंडरच्या इंजिनातली हवा काढता येणाऱ्या पोराला सहा सिलिंडरचं इंजिन परकं वाटत नसे. एसटीचे डेपो आणि दापोडीची कार्यशाळा, आयटीआयचा डिझेल मेकॅनिकचा वर्ग, आणि हायवेवरच्या उस्तादाच्या हाताखाली काढलेली उमेदवारी, या तिन्ही वाटांनी माणसं तयार झाली. लेखी फार थोडं राहिलं. कारखान्यांचे इतिहास छापले गेले, त्यांच्या गाड्या चालत्या ठेवणाऱ्यांचे नाहीत, ही मराठी उद्योगलेखनातली मोठी उणीव आहे.

१ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-सिक्स हे प्रदूषणाचे निकष आले. नव्या ट्रकची नोझलं संगणक उघडतो. स्कॅनर जोडला की तोही एकेक सिलिंडर बंद करून वेगातला फरक मोजतो, म्हणजे परीक्षा वायर काढण्याचीच. पण जुनी सवय इथे जिवावर बेतू शकते. जुनं नोझल दोनशे किलोच्या आसपास दाबावर उघडायचं. नव्या इंजिनांच्या कॉमन रेलमध्ये, म्हणजे सगळ्या नोझलांना डिझेल पुरवणाऱ्या सामायिक नळीत, दाब हजाराच्या कितीतरी पुढे असतो, आणि चालू इंजिनाचा नट सैल केला तर डिझेलची बारीक धार कातडी भेदून आत शिरते. नव्या गाड्यांवर काम करणाऱ्या पोरांना आता पहिल्याच दिवशी हे बजावावं लागतं. जुने पंप मात्र ट्रॅक्टर, जनरेटर आणि पाण्याच्या टँकरवर अजून चालू आहेत. ऊसपट्ट्यात दसरा-दिवाळीच्या सुमाराला, कारखान्यांची धुराडी पेटायच्या आधी, ते कॅलिब्रेशनसाठी पंप-रूममध्ये येतात आणि प्रत्येकावर मालकाच्या नावाची चिठ्ठी तारेने बांधलेली असते.