प्रहार जनशक्ती पक्ष

महाराष्ट्रातील एक प्रादेशिक राजकीय पक्ष. संस्थापक ओमप्रकाश ऊर्फ बच्चू बाबाराव कडू. प्रभाव मुख्यतः अमरावती जिल्ह्यात, त्यातही अचलपूर आणि चांदूर बाजार या भागांत. शेतकरी, निराधार आणि दिव्यांग यांच्या आंदोलनांतून हा पक्ष वाढला. दिव्यांगांच्या चळवळीला आपल्या राजकारणात कायमची जागा देणारा राज्यातला हा ठळक पक्ष असला, तरी त्याला निव्वळ दिव्यांगांचा पक्ष म्हणता येत नाही.

मूळचे शिवसैनिक असलेले कडू चांदूर बाजार तालुक्यातील बेलोऱ्याचे. रुग्णांना मदत करणे, रक्तदान आणि कचेरीत अडकलेली कामे मार्गी लावणे, हा ‘प्रहार’ संघटनेचा सुरुवातीचा व्याप. पाण्याच्या टाकीवर चढणे, अधिकाऱ्याच्या दालनात ठाण मांडणे यांसारख्या आंदोलनांमुळे संघटनेचे नाव जिल्ह्याबाहेर गेले. २००४, २००९ आणि २०१४ साली कडू अचलपूरमधून अपक्ष म्हणून विधानसभेवर गेले. २०१९ मध्ये संघटनेतून उभ्या राहिलेल्या या पक्षाला दोन जागा मिळाल्या : अचलपूरची स्वतः कडूंना आणि मेळघाटची राजकुमार पटेल यांना.

दिव्यांगांसाठीची शाखा ‘प्रहार अपंग क्रांती आंदोलन’ (पुढे ‘दिव्यांग क्रांती’) या नावाने ओळखली जाते. जिथे पक्षाचा उमेदवार निवडून येण्याची शक्यता नाही, अशा जिल्ह्यांतही या शाखेचे कार्यकर्ते आढळतात. त्यांचे काम भाषणांपेक्षा कागदपत्रांचे अधिक : जिल्हा रुग्णालयातून चाळीस टक्के अपंगत्वाचे प्रमाणपत्र, तहसीलमध्ये संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज, घरकुल, तीनचाकी सायकल. सर्वांत जास्त भांडणे झाली ती स्थानिक स्वराज्य संस्थांच्या राखीव निधीवरून. ग्रामपंचायत, नगरपालिका, महापालिका यांनी स्वउत्पन्नाचा ठराविक हिस्सा दिव्यांगांवर खर्च करायचा असतो; तो आधी तीन टक्के होता, नंतर पाच टक्के झाला. घरपट्टी-पाणीपट्टीतून वर्षाला दोन लाख जमा होणाऱ्या ग्रामपंचायतीत ही रक्कम दहा हजार भरते. गावात दिव्यांग वीस असतील तर माणशी पाचशे रुपये! एवढ्या रकमेसाठीही ग्रामसेवकाकडे खेटे घालावे लागतात, हे या चळवळीचे खरे भांडवल. २०१७ मध्ये नाशिक महापालिकेत याच अखर्चित निधीवरून कडू आणि आयुक्त यांच्यात खडाजंगी झाली. त्या प्रकरणी नाशिकच्या न्यायालयाने २०२३ मध्ये कडूंना तुरुंगवासाची शिक्षा सुनावली, जामीनही दिला.

डिसेंबर २०१९ मध्ये कडू महाविकास आघाडी सरकारात राज्यमंत्री झाले. जून २०२२ मध्ये ते शिवसेनेत बंड केलेल्या एकनाथ शिंदे यांच्यासोबत गुवाहाटीला गेले. सत्तांतरानंतर शिंदे यांच्या नव्या सरकारात मंत्रिपद मिळाले नाही, पण ३ डिसेंबर २०२२ रोजी, जागतिक दिव्यांग दिनी, राज्यात स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग सुरू झाला. पुढे ‘दिव्यांग कल्याण विभाग दिव्यांगांच्या दारी’ या अभियानाची धुरा कडूंकडे आली. चळवळीच्या पदरात पडलेले हे सर्वांत मोठे दान. तेही निवडणुकीच्या बळापेक्षा सत्तेच्या वाटाघाटीतून आले असे म्हणावे लागते.

याचे कारण मतांच्या हिशेबात आहे. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात सुमारे २९.६ लाख अपंग व्यक्ती होत्या. आकडा मोठा खरा, पण ही माणसे २८८ मतदारसंघांत विखुरलेली आहेत. जातीचा किंवा पिकाचा पट्टा असतो तसा त्यांचा पट्टा नाही. मतदान केंद्राची पायरी आणि घरच्यांवरचे अवलंबित्व हे वेगळेच. त्यामुळे या मतांवर शासन निर्णय काढून घेता येतो, आमदार निवडून आणणे अवघड. युगांडाने ही अडचण संसदेत दिव्यांगांसाठी राखीव जागा ठेवून सोडवली. भारतात लोकसभा-विधानसभेत तशी तरतूद नाही. ‘प्रहार’ला आमदार दिले ते अचलपूरच्या शेतकऱ्याने आणि मेळघाटच्या आदिवासी मतदाराने.

२०२४ ची विधानसभा पक्षाने राजू शेट्टी, संभाजीराजे छत्रपती यांच्यासह ‘परिवर्तन महाशक्ती’ या तिसऱ्या आघाडीतून लढवली. अचलपूर आणि मेळघाट या दोन्ही जागा भाजपकडे गेल्या आणि वीस वर्षांनी कडू सभागृहाबाहेर राहिले.

आमदारकी गेल्यावर पक्ष पुन्हा आंदोलनाकडे वळला. जून २०२५ मध्ये कडूंनी गुरुकुंज मोझरी येथे अन्नत्याग केला. शेतकरी कर्जमाफीबरोबर दिव्यांगांना दरमहा सहा हजार रुपये मानधन ही मागणी त्यात होती. त्याच वर्षी राज्य सरकारने संजय गांधी व श्रावणबाळ योजनांतील दिव्यांग लाभार्थ्यांचे साहाय्य दीड हजारांवरून अडीच हजार केले. ऑक्टोबरमध्ये हजारो शेतकऱ्यांनी नागपूरजवळ महामार्ग रोखला तेव्हा मागण्यांत सर्वांत वर कर्जमाफी होती, आणि सरकारने तारीख दिली तीही कर्जमाफीच्या निर्णयाचीच : ३० जून २०२६.