आखाड्याची माती

कुस्तीच्या हौदात भरली जाणारी, मुद्दाम निवडून मुरवलेली तांबडी माती. कोल्हापूर परिसरात तिची निगा हा तालमीच्या दिनक्रमाचाच भाग आहे.

काळी माती यासाठी चालत नाही. ओली झाली की ती अंगाला चिकटते, वाळली की ढेकळे धरते. तांबडी माती भुसभुशीत राहते. ती बारीक चाळून खडे, मुळ्या, काचा वेचतात. एवढासा खडाही पाठ सोलून काढतो. मग तीत ताक, तेल, लिंबाचा रस, हळद, काव आणि कापूर मिसळतात. तेला-ताकाने माती मऊ राहते आणि धूळ बसते. हळद जखम चिघळू नये म्हणून. प्रमाण वस्तादाच्या हातातले. मूठ आवळली की गोळा व्हावा आणि बोटाने दाबताच फुटावा, इतपत ओल ठेवतात. रोज खोऱ्याने हौद उकरायचा, पाणी शिंपडायचे, माती सारखी करायची. या उकरण्यातच नव्या पोरांचा निम्मा व्यायाम होतो!

राजर्षी शाहू महाराजांनी उभारलेले, 1912 मध्ये पूर्ण झालेले कोल्हापुरातले खासबाग मैदान याच मातीचे. आंतरराष्ट्रीय कुस्ती मात्र मॅटवर चालते. मातीत घडलेल्या पैलवान खाशाबा जाधवांना 1948 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये मॅट नवखी होती. 1952 मध्ये हेलसिंकीत त्यांनी कांस्यपदक मिळवले.