मिलानचा वेढा आणि हरवलेले ध्रुवपद

१/ इ.स. ३८६. मिलान शहरातील एका चर्चला राजसैनिकांनी वेढा घातला होता. आत बिशप अँब्रोझ आणि त्यांच्यासोबत मरणासही सिद्ध झालेले नगरजन रात्रंदिवस जागत होते. त्या जागरणाने कॅथलिक उपासनेच्या संगीताला कायमचे वळण दिले.

२/ वाद चर्चच्या ताब्याचा होता. बालसम्राट दुसरा व्हॅलेंटिनियन याची आई जस्टिना एरियसच्या पंथाची पाठीराखी होती. ख्रिस्त हा पित्याच्या बरोबरीचा नव्हे, असे हा पंथ मानी. जस्टिनाने या पंथासाठी चर्च मागितले. अँब्रोझ यांनी नकार दिला.

३/ दुःखाने आणि थकव्याने लोक खचू नयेत, म्हणून पूर्वेकडील चर्चच्या रीतीने सर्वांनी मिळून गीते व स्तोत्रे गाण्यास तेथे आरंभ झाला. जागणाऱ्यांमध्ये मोनिका होती. तिचा पुत्र ऑगस्टिन याचा बाप्तिस्मा पुढच्या वर्षी झाला आणि ही हकीकत त्याने ‘कन्फेशन्स’मध्ये नोंदवली. वेढा उठला; गाणे मात्र टिकले.

४/ बायबलमधील स्तोत्रसंहितेत १५० स्तोत्रे आहेत. ती गाण्याची एक जुनी रीत अशी: एक गायक चरण म्हणतो आणि समुदाय एकच ओळ पुनःपुन्हा गातो. कीर्तनातील ध्रुवपद जाणणाऱ्यास हे निराळे सांगावे लागत नाही. हाती पोथी नको, अक्षरओळखही नको. ऐकले की गाता येते.

५/ तरीही शंका होत्याच. गाण्याची गोडी शब्दांवर मात करील काय? अलेक्झांड्रियाचे अथनेशियस वाचकाला जवळजवळ बोलल्यासारखेच स्तोत्र म्हणायला लावत, असे ऑगस्टिन सांगतो. त्याचे स्वतःचे मन दोलायमान राहिले. अखेर त्याचा कौल गाण्याच्या बाजूने पडला.

६/ पुढे समुदायाचा आवाज मात्र क्षीण झाला. गायन प्रशिक्षित गायकवृंदाकडे गेले, चाली आलापांनी नटल्या. पहिल्या वाचनानंतरचे स्तोत्र आक्रसून ‘ग्रॅज्युअल’ झाले: ध्रुवपद आणि बहुधा एकच चरण, तोही कसलेल्या गळ्यालाच पेलणारा. त्यात लॅटिन ही लोकांची बोली उरली नव्हती.

७/ स्तोत्रे मठांत जिवंत राहिली. संत बेनेडिक्टच्या नियमानुसार आठवड्यात सर्व १५० म्हटली जात. सोळाव्या शतकात लोकभाषेतील सामुदायिक स्तोत्रगायन ही कॅल्विनच्या अनुयायांची ओळख बनली. त्यांची जिनिव्हातील छंदोबद्ध स्तोत्रसंहिता १५६२ मध्ये पूर्ण झाली.

८/ १९०३ मध्ये पोप दहावे पायस यांनी ग्रेगोरियन गायन पुन्हा लोकांच्या मुखी यावे, अशी आज्ञा केली. भाषा मात्र लॅटिनच होती. १९५३ च्या सुमारास फ्रेंच जेझुइट जोसेफ जेलिनो यांनी फ्रेंच भाषांतरासाठी नव्या चाली बांधल्या. मूळ हिब्रूप्रमाणे ओळीतील आघातांची संख्या ठरलेली, मधली अक्षरे कमीअधिक. लय तीच राहते आणि समुदाय आपल्या ओळीवर अचूक येतो.

९/ ४ डिसेंबर १९६३ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेविषयीचा दस्तऐवज संमत केला. लोकभाषेला वाट मिळाली आणि स्तोत्रगायनात लोकांनी सहभागी व्हावे, असे स्पष्ट लिहिले गेले. १९६९ च्या नव्या वाचनक्रमात ‘प्रतिसाद स्तोत्र’ आपल्या जागी परतले.

१०/ आज वसईच्या चर्चमध्ये मराठी मिस्सा चालू असताना पहिले वाचन संपते, गायक चरण म्हणतो आणि बाकावरचे आजोबा व शाळकरी नात एकच ओळ उचलतात. मिलानच्या वेढ्यात थकलेल्या माणसांना ज्या रीतीने धीर दिला, ती रीत आता त्यांचीही आहे.