डेस्कटॉप संगणक, सॉफ्टवेअर विकासासाठी : सुट्या भागांची निवड

प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, एसएसडी, एसएमपीएस आणि कॅबिनेट हे भाग आपले काम पाहून एकेक निवडायचे आणि त्यांची जुळणी करून प्रोग्रॅमिंगसाठी संगणक उभा करायचा, ही पद्धत. असा संगणक बाजारात ‘असेंबल्ड पीसी’ म्हणून ओळखला जातो. पूर्वी तो मुख्यतः स्वस्त पडतो म्हणून घेतला जाई. आज त्याचे मोल वेगळ्या कारणासाठी आहे : जिथे काम अडते नेमक्या त्याच भागावर पैसा घालता येतो आणि पुढे बाकीचा संगणक तसाच ठेवून एखादाच भाग बदलता येतो.

दुकानात सुचवल्या जाणाऱ्या बहुतेक जुळण्या गेमिंगच्या हिशेबाने केलेल्या असतात. त्यांत रकमेचा सर्वांत मोठा वाटा ग्राफिक्स कार्डाकडे जातो आणि उरलेल्या पैशांत बाकीचे भाग बसवले जातात. सॉफ्टवेअरच्या कामाला हा क्रम जवळजवळ उलटा लागतो. आधी पुरेशी रॅम, मग चांगली एसएसडी, त्यानंतर प्रोसेसर. वेगळे ग्राफिक्स कार्ड बहुतेकांना लागतच नाही.

कोड टाइप करायला कोणताही संगणक पुरतो. वेळ जातो तो थांबण्यात : कंपाइल होण्याची वाट पाहणे, टेस्ट संपण्याची वाट पाहणे, एडिटरने सगळ्या फायलींची सूची पुन्हा करेपर्यंत हात बांधून बसणे, कंटेनर किंवा अँड्रॉइडचा एम्युलेटर सुरू होईपर्यंत रेंगाळणे. म्हणून खरेदीपूर्वी सध्याच्या संगणकावर टास्क मॅनेजर किंवा ‘एचटॉप’ उघडून नेहमीचा बिल्ड चालवावा आणि नीट पाहावे. सगळे कोअर शंभर टक्क्यांवर गेले तर प्रोसेसर कमी पडतो आहे. एकच कोअर राबत असेल आणि बाकीचे रिकामे असतील, तर जास्त कोअर घेऊन काहीच साधणार नाही. रॅम भरून डिस्कवर स्वॅप सुरू झाले असेल, तर प्रोसेसरचा विचार तूर्त बाजूला ठेवावा.

कोअरच्या संख्येला मर्यादा का पडते, हे जीन ॲमडाल यांनी १९६७मध्ये मांडलेल्या नियमातून कळते. समजा बिल्डचा २० टक्के भाग असा आहे की तो एकामागून एकच करावा लागतो. मग ८ कोअरवर काम सुमारे ३.३ पट वेगाने होते आणि १६ कोअरवर फक्त ४ पट. कोअर कितीही वाढवले तरी ५ पटीपुढे जाता येत नाही. सी आणि सी++मध्ये प्रत्येक फाइल स्वतंत्रपणे कंपाइल होते, त्यामुळे तिथे जास्त कोअरचा चांगला फायदा मिळतो. पण कंपाइल झालेले तुकडे जोडण्याचे शेवटचे काम, म्हणजे लिंकिंग, बरेचदा एका कोअरच्या वेगावर आणि रॅमवर अवलंबून राहते. पायथन, पीएचपी किंवा लहान वेब प्रकल्पांत ६ चपळ कोअर पुरतात. एएमडीचे रायझन ५ ७६०० हा ६ कोअरचा आणि रायझन ७ ७७०० हा ८ कोअरचा असे दोन्ही प्रोसेसर ६५ वॉटच्या वर्गातले आहेत, आणि बहुसंख्य प्रोग्रॅमरांसाठी निवड याच पातळीवर थांबायला हवी. रायझन ९ ९९५०एक्ससारखे १६ कोअर घ्यायचे ते मोठे सी++ किंवा रस्ट प्रकल्प रोज मुळापासून बांधावे लागत असतील तरच.

दुसरे टोक पाहायचे तर अँड्रॉइडचा संपूर्ण स्रोतकोड बांधण्याचे उदाहरण आहे. गूगलने त्यासाठी किमान ६४ जीबी रॅम आणि ४०० जीबी मोकळी जागा सांगितली आहे. गूगलच्याच माहितीनुसार ७२ कोअरच्या यंत्रावर पूर्ण बिल्डला सुमारे ४० मिनिटे लागतात, तर ६ कोअरच्या संगणकावर सुमारे ६ तास. अँड्रॉइडवर चालणारे ॲप लिहिणे आणि अँड्रॉइडच बांधणे ही दोन वेगळी कामे आहेत. पहिल्यासाठी दुसऱ्याच्या तोडीचा संगणक घेण्याची गरज नाही.

काही वेळा उपाय हार्डवेअरमध्ये नसतोच. अँड्र्यू ट्रिजेल यांनी सुरू केलेले ‘सीकॅश’ एकदा कंपाइल झालेल्या फायली जपून ठेवते, आणि रुई उएयामा यांचा ‘मोल्ड’ हा लिंकर लिंकिंगचे काम अनेक कोअरांत वाटतो. टाइपस्क्रिप्टचा कंपायलर गो भाषेत नव्याने लिहीत असल्याचे मायक्रोसॉफ्टने मार्च २०२५मध्ये जाहीर केले, तेव्हा सुमारे १० पट वेगाचा दावा केला होता. पैसे देऊन इतका फरक देणारा कोणताही प्रोसेसर विकत मिळत नाही.

रॅमच्या बाबतीत हात आखडता घेऊ नये. जेंटू लिनक्सच्या मार्गदर्शनात एकाच वेळी चालणाऱ्या प्रत्येक कंपाइल-कामामागे २ जीबी रॅम धरण्याचा ठोकताळा दिला आहे. म्हणजे १६ कोअर व ३२ थ्रेडच्या प्रोसेसरची पुरी ताकद वापरायला ६४ जीबी लागते. तेवढी नसेल तर एकतर स्वॅपमुळे यंत्र गोठते, किंवा लिनक्स जागा मोकळी करण्यासाठी कंपायलरच बंद पाडतो. महागडा प्रोसेसर आणि १६ जीबी रॅम ही जोडी त्यामुळे वायाच जाते. विंडोजमध्येच लिनक्स चालवण्यासाठी डब्ल्यूएसएल २ वापरणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी : लिनक्सच्या वाट्याला मुळात एकूण रॅमपैकी अर्धीच येते. आज नव्या जुळणीत ३२ जीबी हा पाया धरावा. रोज कंटेनर, एम्युलेटर आणि आभासी यंत्रे एकत्र चालत असतील, तर ६४.

ही रॅम दोन पट्ट्यांत घ्यावी, चारांत नाही. रायझन ७००० मालिकेत दोन पट्ट्यांसाठी अधिकृत वेग डीडीआर५-५२०० आहे. चारही खाचा भरल्या की तो ३६००वर येतो. सध्या ३२ जीबी घेऊन पुढे वाढवायचा विचार असेल, तर तेव्हा दोन्ही पट्ट्या बदलण्याची तयारी ठेवलेली बरी. २०२५च्या अखेरीस रॅमचे भाव झपाट्याने चढले, कारण कृत्रिम बुद्धिमत्तेच्या सर्व्हरांनी कारखान्यांचे उत्पादन ओढून घेतले. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५मध्ये ‘क्रुशल’ हा आपला किरकोळ ग्राहकांसाठीचा ब्रँड बंद करत असल्याचे जाहीर केले. अशा काळात जुन्या डीडीआर४ पट्ट्या हाताशी असतील, तर त्या चालवणारा एएम४ किंवा एलजीए १७०० सॉकेटचा मदरबोर्ड घेणे शहाणपणाचे ठरते.

चुका ओळखणाऱ्या ईसीसी रॅमविषयी लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांचा अनुभव उद्बोधक आहे. मे २०२०मध्ये त्यांनी आपला मुख्य संगणक बदलला आणि सुमारे १५ वर्षांत पहिल्यांदाच इंटेल सोडून ३२ कोअरचा एएमडी थ्रेडरिपर ३९७०एक्स घेतला. कर्नलचे त्यांचे चाचणी-बिल्ड त्यामुळे ३ पट वेगाने होऊ लागले. रॅम मात्र ईसीसी नव्हती. ऑक्टोबर २०२२मध्ये, नवा कोड स्वीकारण्याची कर्नलची ठरावीक मुदत चालू असतानाच, तिची एक पट्टी बिघडली. बिल्ड विचित्र चुका देऊन कोसळू लागले आणि त्यांना काही काळ लॅपटॉपवर काम करावे लागले. बिघडलेल्या रॅमचा खरा त्रास हाच की दोष कोडमध्ये आहे असे वाटत राहते आणि प्रोग्रॅमर नसलेला बग शोधत बसतो. डीडीआर५च्या चिपमध्ये आतल्या आत चूक सुधारण्याची सोय असते, पण ती म्हणजे ईसीसी नव्हे : चिप ते प्रोसेसर या वाटेवर झालेली चूक ती पकडत नाही. ज्यांच्या संगणकावर इतरांचा डेटा किंवा दीर्घ काळ चालणारी गणिते असतात त्यांनी ईसीसीचा खर्च करावा, आणि मदरबोर्ड ती चालवतो की नाही हे निर्मात्याच्या यादीत पाहून घ्यावे.

एसएसडी एनव्हीएमई प्रकारची, एम.२ खाचेत बसणारी घ्यावी. पीसीआयई ४.० एसएसडी सेकंदाला सुमारे ७ जीबी वाचते, ५.० त्याच्या जवळपास दुप्पट. पण बिल्डमध्ये हजारो लहान फायली उघडल्या-मिटल्या जातात आणि तिथे हा खोक्यावरचा आकडा फारसा कामी येत नाही. ५.०चे जास्तीचे पैसे दुप्पट जागेवर घालावेत. क्यूएलसी प्रकारच्या स्वस्त एसएसडीचा कॅश भरला की लिहिण्याचा वेग कोसळतो, म्हणून टीएलसी निवडावी. १ टीबी कमीत कमी, कारण कंटेनरच्या प्रतिमा जागा कधी खातात ते कळत नाही.

ग्राफिक्ससाठी प्रोसेसरमधलीच सोय पुरते. फक्त निवडताना नावाकडे पाहावे : इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाअखेर ‘एफ’ असते त्यांत ती नसते, आणि रायझन ५६००एक्समध्येही नाही. वेगळे कार्ड लागते ते गेम लिहिणाऱ्यांना आणि मशीन लर्निंग करणाऱ्यांना. तिथे कार्डाच्या वेगाहून त्याची मेमरी महत्त्वाची. ४ बिटांत दाबलेले ७-८ अब्ज प्राचलांचे भाषा-प्रारूप साधारण ५ जीबीत मावते, ७० अब्जांच्या प्रारूपाला सुमारे ४० जीबी लागते. आयफोनसाठी ॲप बांधायचे असेल तर मात्र ही सारी जुळणी निरुपयोगी आहे. त्यासाठी लागणारे एक्सकोड फक्त मॅकवर चालते.

मदरबोर्डवर दिव्यांच्या रोषणाईसाठी खर्च करू नये. दोन एम.२ खाचा, प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या भागावर हीटसिंक आणि मागे भरपूर यूएसबी एवढे पुरे. सॉकेटचे आयुष्य मात्र पाहावे. एएम४च्या २०१७ सालच्या अनेक मदरबोर्डांवर केवळ बायोस बदलून रायझन ५००० मालिकेतले प्रोसेसर चालले. २०२२मध्ये आलेल्या एएम५कडूनही तशीच अपेक्षा आहे. इंटेलचे १३व्या व १४व्या पिढीचे वरचे प्रोसेसर जास्त व्होल्टेजमुळे अस्थिर होत असल्याचे २०२४मध्ये उघड झाले. कंपनीने ऑगस्टमध्ये दुरुस्तीचा मायक्रोकोड दिला आणि वॉरंटी २ वर्षांनी वाढवली. असा प्रोसेसर सेकंडहँड घेताना तो आधी जुन्या बायोसवर किती काळ चालला हे विचारलेच पाहिजे.

आपल्याकडच्या हवेचा आणि विजेचा विचार परदेशी शिफारशींत नसतो. मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरकडे पारा ४५ अंशांपुढे जातो. कोणताही पंखा किंवा रेडिएटर प्रोसेसरला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. रायझन ९ ७९५०एक्सची पूर्ण भाराखाली ९५ अंशांपर्यंत जाण्याची रचनाच आहे, तेव्हा अशा खोलीत पंखे सतत गर्जत राहतात. बायोसमधल्या इको मोडने त्याची विजेची मर्यादा २३० वॉटवरून १४२ किंवा ८८ वॉटवर आणता येते. बिल्डचा वेग त्या मानाने थोडाच घटतो. विदर्भ-मराठवाड्यात मी तरी हा मोड पहिल्या दिवसापासून लावण्याचीच शिफारस करीन.

एसएमपीएस नामांकित कंपनीचा, ‘८० प्लस’ प्रमाणपत्र असलेला हवा. कॅबिनेटबरोबर फुकट येणारा वापरू नये. ग्राफिक्स कार्ड नसलेल्या जुळणीला ५५० वॉट भरपूर होतात. ६०० व्हीएचा साधा यूपीएस बहुधा ३६० वॉटच देतो, आणि एवढ्यावर अशी जुळणी चालते; पण स्वस्त यूपीएस व इन्व्हर्टरची चौकोनी लहर काही आधुनिक एसएमपीएसना मानवत नाही आणि वीज जाताच संगणक बंद पडतो. शक्यतो शुद्ध साइन वेव्ह देणारा यूपीएस घ्यावा. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या, तर भिंतीतल्या सॉकेटला अर्थिंग नाही असे समजावे आणि आधी इलेक्ट्रिशियन बोलवावा.

मॉनिटरवर काटकसर करणारे पुष्कळ असतात, आणि हे मला मनापासून खटकते. दिवसभर अक्षरांकडेच पाहायचे असते. २४ इंची फुल एचडी पडद्यावर इंचाला सुमारे ९२ ठिपके येतात, २७ इंची १४४०पीवर १०९, तर २७ इंची ४केवर १६३. मराठी मजकुराची सॉफ्टवेअरे लिहिणाऱ्यांना यातला फरक लगेच जाणवतो, कारण जोडाक्षरे, रफार आणि अनुस्वार लहान आकारात विरळ ठिपक्यांच्या पडद्यावर एकमेकांत मिसळतात.

सुटे भाग मुंबईत लॅमिंग्टन रोडवर, पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीच्या परिसरात आणि ऑनलाइनही मिळतात. त्यांवर १८ टक्के जीएसटी लागतो. नोंदणीकृत व्यावसायिकाला त्याची वजावट मिळू शकते, म्हणून बिल व्यवसायाच्या नावावर घ्यावे. प्रोसेसर ‘बॉक्स पॅक’ घ्यावा, त्यावर निर्मात्याची ३ वर्षांची वॉरंटी असते. ‘ट्रे’ प्रोसेसरवर सहसा फक्त दुकानदाराचा शब्द असतो. प्रत्येक भागाचा अनुक्रमांक बिलावर लिहून घेण्याचा आग्रह धरावा.

जुळणी झाल्यावर बायोसमध्ये प्रोसेसरची आभासी यंत्रांसाठीची सोय, म्हणजे इंटेलवर व्हीटी-एक्स किंवा एएमडीवर एसव्हीएम, चालू करावी. ती बंद असेल तर आभासी यंत्रे, डब्ल्यूएसएल २ आणि एम्युलेटर चालत नाहीत किंवा असह्य संथ होतात. नंतर रॅम तपासणारे मेमटेस्ट८६+ रात्रभर चालू ठेवावे. रॅमचे एक्सएमपी किंवा एक्स्पो हे वेग म्हणजे एक प्रकारचे ओव्हरक्लॉकिंगच असते. एकही चूक दिसली तर ते बंद करून अधिकृत वेगावर पुन्हा चाचणी घ्यावी, आणि तरीही चूक आली तर पट्ट्या बदलून घ्याव्यात. शेवटी आपलाच सर्वांत मोठा प्रकल्प तासभर पुन्हा पुन्हा बांधून तापमान पाहावे. मदरबोर्डच्या सॉकेटवरचे प्लॅस्टिकचे झाकण टाकून देऊ नये. एएम५ व इंटेलच्या एलजीए सॉकेटच्या पिना मदरबोर्डवरच असतात, आणि वॉरंटीत बोर्ड परत देताना झाकण नसेल किंवा पिन वाकलेली असेल तर तो नाकारला जाऊ शकतो.