किल्ल्यांचा जुडगा

कुलूप आणि किल्ली यांच्या इतिहासांत मोठा मान कुलुपाला मिळाला आहे. कोणत्या कारागिरानें कोणतें कुलूप केलें, तें कोणी उघडून दाखविलें, त्याबद्दल पैज कितीची लागली होती, हें सारें ग्रंथांतून नमूद आहे. परंतु किल्ली वापरणाऱ्या माणसाला दिवसांतून दहा वेळां जी अडचण पडते ती कुलुपाची नसून किल्ली जवळ बाळगण्याची होय. ती ठेवावी कोठें, चार किल्ल्यांतून हवी ती अंधारांत हातीं यावी कशी, आणि तिचा भार अंगाला जाचूं नये म्हणून काय करावें, हे प्रश्न पहिलें कुलूप झालें त्याच दिवशीं उपस्थित झाले. निरनिराळ्या समाजांनीं त्यांचीं निरनिराळीं उत्तरें दिलीं. त्या उत्तरांचा इतिहास दिसण्यांत लहान आहे. पण त्यांत मनुष्यांच्या जीविताशीं संबंध असलेलीं कांहीं गंभीर प्रकरणेंहि गुंतलेलीं आहेत.

प्राचीन मिसर देशांत व पश्चिम आशियांत दाराला लांकडी अडसर असे. वरच्या ठोकळ्यांतून लहान लांकडी खुंट्या खालीं उतरून अडसराच्या भोंकांत बसत आणि मग तो हलेनासा होई. किल्ली म्हणजे दांते बसविलेली एक लांकडी पट्टी. ती आंत सारून वर उचलली म्हणजे खुंट्या उचलल्या जात व अडसर मागें ओढतां येई. कुलूप मोठें, म्हणून किल्लीहि मोठी. यहुदी लोकांच्या धर्मग्रंथांतील यशयाच्या पुस्तकांत राजवाड्याच्या कारभाऱ्याच्या खांद्यावर दावीदाच्या घराण्याची किल्ली ठेवण्याचा उल्लेख आहे. तेथें किल्ली हें अधिकाराचें चिन्ह आहे हें खरें. पण ज्या काळीं किल्ली खरोखरच खांद्यावर टाकून नेण्याएवढी असे, त्या काळाची ही प्रतिमा आहे. होमरच्या 'ओडिसी' काव्याच्या एकविसाव्या सर्गांत पेनेलोपी राणी पतीचें धनुष्य काढावयास कोठीकडे जाते, तेव्हां तिच्या हातांतील वांकड्या धातूच्या किल्लीला हस्तिदंताची मूठ आहे. किल्ली हाताला सुखाची व्हावी म्हणून तिला मूठ बसवावी, हा सोयीचा विचार इतका जुना आहे.

रोमन लोकांनीं धातूचीं लहान कुलुपें प्रचारांत आणलीं आणि त्याबरोबर किल्लीहि लहान झाली. पण त्यांच्या टोगा नांवाच्या वस्त्राला खिसा नव्हता. तेव्हां त्यांनीं किल्ली व अंगठी या दोन वस्तूंची एकच वस्तु केली. अंगठीच्या कड्यालाच किल्लीचे दांते जोडलेले असत. पेटी उघडावयाची म्हणजे नुसती मूठ वळवावयाची! रोमन वसाहतींच्या उत्खननांत अशा अंगठ्या ठिकठिकाणीं सांपडल्या आहेत. ती हरवण्याची धास्ती नाहीं, शोधण्याचे श्रम नाहींत आणि हात मोकळा. दोष एवढाच कीं, बोटें दहा असलीं तरी किल्ल्या दहा बाळगतां येत नाहींत, आणि मोठ्या दाराची किल्ली बोटांत मावत नाहीं. घरच्या किल्ल्या हें रोमन समाजांतहि गृहिणीच्या अधिकाराचें चिन्ह होतें. पत्नीला सोडून देतांना तिच्याकडून किल्ल्या काढून घेण्याची रूढि होती, आणि सिसेरोनें अँटनीविरुद्धच्या आपल्या दुसऱ्या भाषणांत तिचा उल्लेख उपहासानें केला आहे.

युरोपच्या मध्ययुगांत किल्ल्या बोटांवरून कमरेला आल्या. उत्तरेकडील व्हायकिंग लोकांच्या स्त्रियांच्या कांहीं थडग्यांत त्यांच्या किल्ल्या सांपडतात. पुढें अठराव्या शतकांत व विशेषतः एकोणिसाव्या शतकांत या कमरेच्या किल्ल्यांना जें रूप आलें त्याला 'शातलेन' असें नांव पडलें. या फ्रेंच शब्दाचा अर्थ गढीची मालकीण. कमरपट्ट्यांत खोचावयाचा एक नक्षीदार आंकडा, त्याखालीं तीनचार किंवा अधिक साखळ्या, आणि प्रत्येक साखळीच्या टोंकाला एकेक वस्तु: किल्ली, कात्री, अंगुस्तान, मोहोर, घड्याळ. वरवर पाहतां हा दागिना. परंतु त्याची रचना विचारपूर्वक केलेली आहे. प्रत्येक वस्तूला स्वतंत्र साखळी असल्यामुळें एक वापरतांना दुसरी आड येत नाहीं. प्रत्येकीची जागा ठरलेली असल्यामुळें हात न पाहतां तिच्याकडे जातो. पुढें स्त्रियांच्या हातीं लहान पिशवी आली आणि शातलेन मागें पडली. पिशवींत जागा पुष्कळ. पण कोणत्याहि वस्तूची जागा ठरलेली नाहीं. म्हणून पिशवी धुंडाळण्याचे जे श्रम शातलेनीनें वांचविले होते ते पुन्हां सुरू झाले.

हिंदुस्थानांत हाच प्रश्न अगदीं थोड्या साधनांत सुटला. बंगालमधील गृहिणी किल्ल्यांचा जुडगा साडीच्या पदराच्या टोंकाला बांधी व तो पदर खांद्यावरून मागें टाकी. किल्ल्यांच्या भारानें पदर जागचा हलत नसे, आणि पदरामुळें किल्ल्या हरवत नसत; एकाच गांठींत दोन कामें साधत. महाराष्ट्रांत चांदीचा छल्ला आला. त्याचा आंकडा कमरेला लुगड्यांत खोचावयाचा आणि खालच्या कड्यांत कोठीच्या, कपाटाच्या व पेटीच्या किल्ल्या ओवावयाच्या. पुरुषांपैकीं ज्यांच्या अंगावर जानवें असे ते किल्ली जानव्यालाच बांधीत. इतर पुष्कळजण ती करगोट्यांत अडकवीत. स्नानाच्या वेळींसुद्धां ती अंगावेगळी होत नसे. सासूनें आपल्या कमरेचा छल्ला काढून सुनेच्या हातीं दिला म्हणजे घराचा कारभार दिला, हें सांगावयास आपल्याकडे कागदपत्राची गरज नव्हती.

यानंतर कुलुपांतच क्रांति झाली. इंग्लंडांत १७७८ सालीं रॉबर्ट बॅरन यानें व १७८४ सालीं जोसेफ ब्रामा यानें नव्या रचनेच्या कुलुपांचीं पेटंटें घेतलीं. अमेरिकेंत लायनस येल या पितापुत्रांपैकीं धाकट्यानें १८६१ व १८६५ सालच्या पेटंटांनीं मिसरी खुंट्यांचें जुनेंच तत्त्व पितळेच्या लहानशा नळकांड्यांत बसविलें. त्याची किल्ली चपटी, पातळ व बोटभर लांबीची. मुंबईंत १८९७ सालीं अर्देशीर गोदरेज यांनीं कुलुपांचा कारखाना काढला, आणि चांगलें कुलूप या देशांतहि होऊं लागलें. किल्ली हलकी झाली तशी ती संख्येनें वाढली. घर, दुकान, कचेरी, तिजोरी, टपालाची पेटी, सायकल, मोटार, अशा सर्वांच्या किल्ल्या एका माणसाच्या खिशांत जमूं लागल्या.

या गर्दीसाठीं जें साधन सर्वत्र रूढ झालें तें म्हणजे दोन वेढ्यांची पोलादी कडी. स्प्रिंगच्या जातीची तार वळवून तिचे दोन वेढे एकमेकांवर घट्ट बसवितात. टोंक नखानें उचलावयाचें, किल्लीचें भोंक त्यांत सारावयाचें आणि ती वेढ्यांतून फिरवीत आंत न्यावयाची. तिला बिजागरी नाहीं, खटका नाहीं, मोडण्यासारखा हलता भाग नाहीं. ती आपोआप उघडत नाहीं आणि किंमतहि अल्प. इतके गुण एका तारेंत क्वचितच सांपडतील. पण तिचे दोन दोष आहेत. पहिला सर्वांना ठाऊक आहे: किल्ली घालतांना व काढतांना नख दुखावतें, आणि ज्याचीं बोटें संधिवातानें आंखडलीं आहेत त्याला तें काम जमतच नाहीं. दुसरा दोष सहसा लक्षांत येत नाहीं. वर्तुळाला आरंभ नसतो. त्यामुळें कडींतील किल्ल्यांना पहिली, दुसरी, तिसरी असा क्रम राहत नाहीं, आणि प्रत्येक दारापुढें शोध नव्यानें करावा लागतो. विसाव्या शतकांत निघालेलीं चामड्याचीं घडीचीं पाकिटें ही चूक सुधारतात. त्यांत एका पट्टीवर ओळीनें लहान आंकडे असतात, म्हणून प्रत्येक किल्लीचें स्थान कायम राहतें. १९४८ सालीं अमेरिकेंत कमरेच्या डबींत गुंडाळली जाणारी साखळी निघाली. ओढली कीं लांब होते, सोडली कीं परत जाते. शातलेनीचाच हा यांत्रिक अवतार होय. उलट हॉटेलांतून किल्लीला पितळेचा जड बिल्ला मुद्दाम लावीत, तो पाहुण्यानें ती खिशांत घालून नेऊं नये म्हणून. गैरसोय हीच तेथें सोय होती. साधन कोणाच्या सोयीचें करावयाचें हें आधीं ठरवावें लागतें, तें असें.

येथपर्यंतची कथा सोयीगैरसोयीची झाली. परंतु किल्ली कोणाजवळ असावी हा प्रश्न कधीं कधीं प्राणाशीं येतो. ३० डिसेंबर १९०३ रोजीं शिकागो शहरांतील इरॉकॉय नाट्यगृहाला आग लागून सहाशेंहून अधिक लोक मेले. बाहेर पडण्याचीं अनेक दारें बंद होतीं किंवा त्यांचे खटके लोकांना उघडतां आले नाहींत. त्या अनर्थानंतर इंडियानापोलिस येथील कार्ल प्रिन्झ्लर व हेन्री ड्यूपाँ यांनीं दाराला आंतून आडवा दांडा बसविण्याची योजना केली. दाबला कीं दार उघडे, मग बाहेरून कुलूप असो वा नसो. १९०८ सालीं तो बाजारांत आला. पण तीनच वर्षांनीं, २५ मार्च १९११ रोजीं, न्यूयॉर्कमधील ट्रँगल कंपनीच्या कपडे शिवण्याच्या कारखान्याला आग लागली, तेव्हां नवव्या मजल्यावरील एका जिन्याच्या दाराला साधें कुलूप होतें. कामगारांनीं माल चोरूं नये म्हणून तें लावीत. किल्ली मुकादमाजवळ होती, आणि मुकादम दुसऱ्या वाटेनें आधींच निसटला होता. १४६ जीव गेले. त्यांत १२३ स्त्रिया होत्या, पुष्कळशा कोवळ्या वयाच्या. दार बंद असल्याचें मालकांना ठाऊक होतें हें सिद्ध न झाल्यामुळें ते निर्दोष सुटले. जी किल्ली एकाच माणसाच्या खिशांत राहते ती त्या माणसाबरोबर निघून जाते, हा या प्रकरणाचा निष्कर्ष फार महागांत पडला.

पुढच्याच वर्षीं टायटॅनिक जहाजावर असाच प्रकार घडला. डेव्हिड ब्लेअर नांवाच्या अधिकाऱ्याची प्रवास सुरू होण्याच्या आदल्या दिवशीं, ९ एप्रिल १९१२ रोजीं, त्या जहाजावरून उचलबांगडी झाली, आणि डोलकाठीवरील टेहळणीच्या जागेची एक किल्ली त्याच्या खिशांतच राहिली. दुर्बिणी त्याच किल्लीच्या कपाटांत होत्या कीं काय याविषयीं मतभेद आहेत. पण टेहळणी करणाऱ्या फ्रेडरिक फ्लीट यानें चौकशींत सांगितलें कीं, दुर्बीण असती तर हिमनग थोडा आधीं दिसला असता. ती किल्ली २००७ सालीं लिलांवांत ९० हजार पौंडांस विकली गेली. तिला जहाजाचें व जागेचें नांव लिहिलेला बिल्ला आहे. बिल्ला उत्तम होता. उणीव होती ती किल्ली माणसाच्या खिशाऐवजीं ठरलेल्या आंकड्यावर टांगण्याच्या शिस्तीची.

तिसरें उदाहरण आपल्या शतकांतील आहे, आणि त्यांत दोष जुडग्याच्या भारानें उघडा पडला. अमेरिकेंतील जनरल मोटर्स कंपनीच्या कांहीं लहान गाड्यांत इंजिन सुरू करण्याचा स्विच फार सैल होता. किल्लीच्या डोक्याला कडी अडकविण्यासाठीं गोल भोंक नसून लांबट खांच होती. कडी त्या खांचेंत एका बाजूला सरके, आणि मध्यापासून दूर गेलेला तोच भार किल्लीला अधिक जोरानें फिरवी. रस्त्यांतला खड्डा किंवा गुडघ्याचा धक्का लागतांच किल्ली मागें वळे, चालत्या गाडीचें इंजिन बंद पडे, सुकाणू व ब्रेक जड होत, आणि अपघातांत एअरबॅग उघडत नसे. २०१४ सालीं कंपनीनें सुमारें २६ लाख गाड्या परत बोलाविल्या. नुकसानभरपाईच्या निधीनें १२४ मृत्यूंचे दावे मान्य केले. आणि २०१५ सालीं कंपनीनें सरकारशीं तडजोडींत ९० कोटी डॉलर भरण्याचें कबूल केलें. नवा स्विच मिळेपर्यंत गाडीधारकांना सांगण्यांत आलेला उपाय कोणत्याहि आजीबाईनें सुचविला असता: किल्लीला दुसरें कांहीं अडकवूं नका. आणि किल्लीच्या रचनेंतील सुधारणा एवढीच, कीं खांच बुजवून तेथें लहान गोल भोंक ठेवावयाचें.

या सर्व इतिहासांतून चांगल्या जुडग्याचीं लक्षणें सहज काढतां येतात. प्रत्येक किल्लीची जागा ठरलेली असावी, ही शातलेनीची शिकवण. हव्या त्या किल्लीची ओळख डोळ्यांप्रमाणेंच बोटांनाहि पटावी. त्यासाठीं डोक्याला एखादी खांच किंवा दोऱ्याचा वेढा पुरतो, आणि अंधाला तर तोच आधार. जी किल्ली कुलुपांत फिरवावयाची तिच्यावर बाकीच्यांचा भार पडूं नये. मोटारीची किल्ली चटकन् सुटी करतां यावी. वृद्धांसाठीं किल्लीच्या डोक्याला लांब मूठ जोडावी. दांडी चौपट लांब झाली कीं जोर चौथा हिस्सा पुरतो, हा तरफेचा नियम पेनेलोपीच्या हस्तिदंती मुठीपासून आजपर्यंत बदललेला नाहीं. आणि ज्या दारामागें माणसें असतात त्याची दुसरी किल्ली घरांतल्या सर्वांना ठाऊक असलेल्या एका आंकड्यावर नेहमीं असावी.

ही शेवटची गोष्ट शहरांतील घरांना विशेष लागू आहे. रात्रीं आंतून कुलूप लावून किल्ली उशाखालीं घेऊन निजण्याची चाल अनेक कुटुंबांत आहे, आणि ती चोराच्या भीतीनें पडली आहे. चोर क्वचित् येतो. धूर किंवा आग आली तर ती कुलूप उघडण्याइतका वेळ देतेच असें नाहीं. आंतल्या बाजूला कुलुपाऐवजीं कडी किंवा बोल्ट असावा, आणि कुलूप लावणें भागच असेल तर किल्ली दाराजवळच्या खिळ्यावर, लहान मुलालाहि सांपडेल अशी पण खिडकींतून हात पोंचणार नाहीं अशी टांगावी. त्याला खर्च एका खिळ्याचा आहे.